घरघर वेगळी, गळा वेगळा

जात्यावर बसलेल्या बाईचा आवाज टिपणं हे ध्वनिमुद्रकासाठी मोठं अवघड काम. दगडावर दगड फिरत असतो, खुंट्याभोवती बांगड्या वाजत असतात. घास घातला की घरघर जड होते, दाणे संपत आले की कोरडी होते. गळा या सगळ्याच्या वर नसतो, त्यातच मुरलेला असतो. माइक जात्याशेजारी ठेवला तर ओवीचे शब्द पिठात जातात आणि तोंडाशी धरला तर बाईच गप्प होते. त्यातून दळायला दोघी समोरासमोर बसल्या असल्या, तर एकीने उचललेली ओळ दुसरी कधी घेते आणि पहिली कधी सोडते, ते त्या दोघींनाही सांगता यायचं नाही.

आजच्या स्टुडिओत हा प्रश्न असा पडत नाही. प्रत्येक आवाजाला स्वतःचा ट्रॅक असतो, ट्रॅकमधून बाहेर पडायची वाट असते आणि ती वाट कुठे नेऊन जोडायची हे पडद्यावर ठरवता येतं. ताल एका बसवर, गळा दुसऱ्या बसवर, दोन्हींतला थोडा अंश तिसरीकडे रिव्हर्बला, आणि शेवटी सगळं मास्टरवर. एका सॉफ्टवेअरमधून निघालेला आवाज दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शिरवायचा असला तर त्यासाठीही न दिसणाऱ्या तारा आहेत. घरी लॅपटॉपवर गाणी करणाऱ्या विशीतल्या पोराला हे सगळं आयतं मिळालंय.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात, म्हणजे मावळ, मुळशी, वेल्हे, भोर या पट्ट्यात, जात्यावरचा गळा या तारांपर्यंत कसा पोचला त्याची हकिगत मात्र बरीच लांबची आहे. तीत पुण्यातलं एक जोडपं आहे, लखनौचा एक तबलानवाज आहे, एक फ्रेंच संगणकतज्ज्ञ आहे आणि डोंगरातल्या असंख्य बाया आहेत. आवाज एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची यंत्रं या काळात भराभर बदलली. काही तर कामाच्या मधेच मेली.

आवाज वेगवेगळे करून मग जोडायची विद्या पुण्याला नवी नव्हती. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा चित्र आणि ध्वनी एकाच फिल्मवर एकदमच उमटत होते. नट गाताना चुकला की चित्रही गेलं आणि पेटीवाल्याची मेहनतही गेली. ध्वनीची फिल्म चित्राच्या फिल्मपासून सुटी झाली तेव्हाच मिश्रण नावाचं काम जन्माला आलं. 'प्रभात' ही चित्रसंस्था १९३३मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली. तिथलं ध्वनीचं खातं विष्णुपंत दामल्यांनी उभं केलेलं. १९३७च्या 'कुंकू'मध्ये दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीतच काढून टाकलं. जे ऐकू येईल ते दृश्यातल्याच एखाद्या वस्तूतून आलं पाहिजे, असा दंडक घातला. संगीतकार केशवराव भोळ्यांनी तो पाळला आणि त्यातून ते चित्र अधिकच अस्वस्थ करणारं झालं. आवाज कुठून येतो हे लपवायचं की दाखवायचं, हा निर्णय एखादी चाल बांधण्याइतकाच कलात्मक असतो, हे पुण्याने तेव्हाच पाहिलं होतं. पुढे १९६०मध्ये प्रभातच्याच जागेत फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि ध्वनिमुद्रण हा शिकवायचा विषय झाला.

ही विद्या एरंडवण्यातल्या त्या आवारातून निघून कात्रजचा घाट ओलांडून भोरकडे काही गेली नाही. तिकडे गेली ती वही आणि पेन्सिल.

भोर-वेल्ह्याचं नाव काढलं की लोकांना गड आठवतात. तोरणा आणि राजगड वेल्ह्यात, रोहिडा आणि रायरेश्वर भोरात. इतिहासाच्या पुस्तकांतून या भागात जे ऐकू येतं ते तोफांचं, नगाऱ्यांचं आणि शाहिरांच्या डफाचं. गडाच्या पायथ्याच्या घरांतून पहाटे जे ऐकू येत होतं त्याची नोंद बखरकारांनी घेतली नाही आणि त्यांनी ती घ्यावी अशी अपेक्षाही करता येत नाही. भोर १९४८पर्यंत पंतसचिवांचं संस्थान होतं. वेळवंडीवर भाटघरचं धरण विसाव्या शतकाच्या पहिल्या तिशीत उभं राहिलं, पुढे वेल्ह्यात पानशेत आलं. पाणी खाली गेलं, बारामती-फलटणकडे आणि पुण्याकडे. डोंगरात राहिली भात, नाचणी, वरी, आणि मुंबईला कामाला गेलेल्या पुरुषांच्या बायका. भाकरी रोज लागते, पीठ साठवून फार दिवस टिकत नाही, म्हणून दळण जवळजवळ रोजचं. पहाटे उठून दोन-तीन तास खुंटा फिरवायचा. या वेळात घरातलं दुसरं कुणी जागं नसे, आणि जागं असलं तरी जात्याच्या घरघरीत शब्द नीट ऐकू जात नसत. सासूबद्दल, माहेराबद्दल, दूर गेलेल्या भावाबद्दल, नवऱ्याच्या हाताबद्दल बोलायला याहून सुरक्षित जागा घरात नव्हती. म्हणजे ज्या घरघरीने ध्वनिमुद्रक वैतागतो तिचाच या बायकांना आडोसा होता. ती घरघर पुसून नुसता गळा ऐकवणं म्हणजे त्या बाईचा आडोसा काढून घेणं, असं मला वाटतं.

जात्यावरच्या ओव्या गोळा करणारे लोक याआधीही झाले. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'मध्ये त्या आहेत. सरोजिनी बाबरांनी आणि त्यांच्या लोकसाहित्य समितीने त्या गावोगावहून मिळवल्या. दुर्गाबाई भागवतांनी लोकसाहित्याच्या अभ्यासात त्यांचं मोल सांगितलं. या सगळ्यांची वाट एकच होती : कान, लेखणी, छापखाना. या वाटेवर चाल गळून पडते. गाताना अर्धी ओळ परत घेतली जाते, मधे 'बाई', 'सांगते तुला' अशी भर पडते, एखादा शब्द लांबवून हाताच्या फेऱ्याशी जुळवला जातो. कागदावर आली की ओवी दोन ओळींची होते, सुटसुटीत, आणि तिचं गाणं झालेलं कधी कुणी ऐकलं असेल याची खूण उरत नाही. याचा दोष त्या संग्राहकांना देता येत नाही. त्यांच्याकडे जे यंत्र होतं त्यात शब्दच मावत होते.

पुण्यातलं ते जोडपं, गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर, ओव्या गोळा करायला या डोंगरात गेलंच नव्हतं. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे. १९७०च्या दशकात पुण्यात आले, इथलेच झाले, भारताचं नागरिकत्वही घेतलं. हेमाताई पुण्याच्या. दोघांनी मिळून सामाजिक शास्त्रांतल्या सहकारी संशोधनासाठी एक केंद्र उभं केलं आणि डोंगरी तालुक्यांत 'गरीब डोंगरी संघटने'च्या मार्फत कामाला सुरुवात केली. विषय होते पाणी, रस्ता, मजुरी, दवाखाना, दारू, मारहाण. सभेत बायका बोलत नसत. बोलायला लागल्या की मात्र मधेच ओवी येई. जे थेट सांगता येत नव्हतं ते त्या आधीपासून गातच होत्या. हे लक्षात आल्यावर ओव्या उतरून घेण्याचं काम सुरू झालं, आणि ते बाहेरच्या अभ्यासकांनी नाही, गावातल्याच कार्यकर्त्या बायकांनी आणि तरुणांनी केलं. दळणाच्या वेळी कोण कुणाकडे जाऊ शकतं, कुणासमोर गाऊ शकतं, हे त्यांनाच ठाऊक असणार.

बघता बघता वह्यांचे ढीग झाले. पुढच्या काळात हा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांवर गेला. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या. गावांच्या यादीत मुळशी-मावळासोबत वेल्हे-भोरही आहेत, आणि नंतर पार मराठवाड्यापर्यंतची गावं. राम आणि सीता, विठ्ठल, पंढरीची वाट, आई आणि लेक, भाऊ-बहीण, पाऊस, जातं स्वतः, बाबासाहेब आंबेडकर अशा विषयांनी हेमाताई आणि पॉइटवाँ यांनी त्यांची वर्गवारी लावली. त्यांचं 'स्टोनमिल अँड भक्ती' हे इंग्रजी पुस्तक १९९६मध्ये आलं. पण वहीत चाल नव्हती, आणि गाणाऱ्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. वीज आली तिथे पिठाची गिरणी आली. पायलीभर दळण काही मिनिटांत होऊ लागलं, आणि बायकांना ते हवंच होतं. जातं बंद पडलं याबद्दल गळा काढणाऱ्यांनी एकदा तरी पायलीभर नाचणी हाताने दळून पाहावी. आता जातं लग्नाच्या हळदीपुरतं बाहेर निघतं, त्याला सुपारी-हळकुंड बांधलं जातं, चार ओव्या होतात आणि ते पुन्हा कोपऱ्यात जातं.

आता त्या फ्रेंच संगणकतज्ज्ञाकडे, बर्नार्ड बेल यांच्याकडे, वळायला हवं, आणि त्यासाठी डोंगरातून थेट लखनौला जायला हवं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपन हा इंग्रज अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होता. कायदा कसा फुलवायचा, कुठला पलटा घराण्याच्या चालीत बसतो आणि कुठला नाही, हे उस्ताद सांगत. पण नियम म्हणून सांगत नसत, वाजवून सांगत. किपनने आणि बेलने मिळून एक संगणक प्रणाली केली. तिला नाव दिलं 'बोल प्रोसेसर'. वर्ड प्रोसेसरवर अक्षरं टाइप करतात तसे यावर तबल्याचे बोल टाइप करायचे आणि त्यांचं व्याकरण लिहायचं. मग यंत्र त्या व्याकरणातून नवे पलटे काढणार आणि ते उस्तादांपुढे ठेवायचे. उस्ताद म्हणाले 'हे नाही', की व्याकरणात दुरुस्ती. ॲपलच्या त्या काळच्या छोट्या संगणकाची स्मरणशक्ती आजच्या साध्या फोनपुढे नगण्य होती, पण संगणकाने केलेल्या कामाची परीक्षा करायला घराण्याचा खलिफा बसवायचा, ही कल्पना आजच्या पुष्कळ कंपन्यांना अजून सुचलेली नाही. बेल यांचा मुंबईच्या एनसीपीएशी, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सशीही संबंध आला. गायकाचा स्वर क्षणोक्षणी कुठे जातो त्याचा आलेख काढणारं यंत्र त्यांनी याच सुमारास केलं, आणि रागातल्या स्वरस्थानांच्या अभ्यासाला ते तिथे उपयोगी पडलं.

याच काळात बाहेरच्या जगात एक घटना घडली. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या वाद्यांच्या एका प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले. एकावर पट्टी दाबली की दुसरा वाजत होता. ही मिडी. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही. कोणती पट्टी, किती जोरात, कधी दाबली, कधी सोडली, एवढंच जातं. आवाज पलीकडच्या यंत्राने स्वतःचा काढायचा. बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती १९९०च्या सुमारास मॅकिंटॉशवर आली आणि ती याच तारेवर बोलायला लागली. १९९४मध्ये एनसीपीएमध्ये आंद्रेईन बेल यांची 'क्रोनोस' ही नृत्यरचना झाली, तिचं संगीत या प्रणालीने घडवलं होतं.

पण एकाच संगणकात दोन प्रणाली चालू असल्या तर त्यांनी एकमेकींचं कसं ऐकायचं? संगणकाच्या पोटात तार टाकता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या ओपकोड कंपनीने 'ओएमएस' नावाची मधली व्यवस्था काढली. तिच्यात 'आयएसी बस' म्हणून एक काल्पनिक तार होती : एका प्रणालीने त्यात मिडी टाकायची, दुसरीने काढून घ्यायची. आज आपण लॅपटॉपवर एका ॲपचा आवाज दुसऱ्यात घेतो त्याची ही आधीची पायरी. बोल प्रोसेसरही त्या काळात ओएमएसवरच उभा होता. १९९८मध्ये ओपकोड गिब्सन या गिटार कंपनीने विकत घेतली आणि थोड्याच काळात ती बंद पडली. त्यासोबत ओएमएसही गेली. तिच्यावर बांधलेल्या सगळ्या प्रणालींच्या पायाखालची फळी निघाली. बोल प्रोसेसर पुढे मुक्त स्रोत झाला, नव्या यंत्रांसाठी पुन्हा लिहिला गेला. गंमत अशी की ॲपलने 'आयएसी' हे नाव आपल्या प्रणालीत उचललं आणि ते आजही तिथे आहे.

ही सगळी विद्या ज्यांच्या हातात होती ते बेल १९९०च्या दशकात ओव्यांच्या कामात आले. युनेस्को, नेदरलँड्सचं विकास सहकार्य मंत्रालय आणि स्वित्झर्लंडमधलं शार्ल लेओपोल्ड मायर प्रतिष्ठान यांचं साहाय्य मिळालं आणि वहीतल्या ओव्यांना आवाज मिळू लागला. गावागावांत जाऊन बायकांना एकत्र बसवून गाणी डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर, घेतली गेली. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, आत नाजूक फीत, आणि आवाज आकड्यांच्या रूपात. सोनीने हे तंत्र १९८७मध्ये आणलं होतं. संगीत कंपन्यांना ते चोरीचं यंत्र वाटलं म्हणून ते घराघरांत पोचलं नाही, पण ध्वनिमुद्रकांच्या झोळीत मात्र गेलं. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६मध्ये असाच टिपला गेला. ज्याने तो एकदा ऐकला त्याला दुसऱ्या कुठल्या गळ्याशी त्याची गल्लत करता यायची नाही.

फितीवरचा हा आवाज संगणकात आणायचा म्हणजे पुन्हा तार आली. आणि ती तार घाईत नसते. तासभराची फीत आत घ्यायला तासच लागतो. ४८ किलोहर्ट्झ, सोळा बिट, दोन वाहिन्या असा हिशेब केला तर एका तासाचे सुमारे ७०० एमबी होतात. १९९५-९६च्या घरगुती संगणकात अख्खी हार्ड डिस्क एखाद्या जीबीची. ओव्यांचं ध्वनिमुद्रण शंभर तासांच्या पुढे गेलेलं. एवढा आवाज ठेवायला त्या काळी सत्तरेक संगणक लागले असते. म्हणून कितीतरी काळ आवाज फितीवर आणि शब्द संगणकात, अशी फारकतच राहिली.

या प्रवासात एक छोटी घातकी गोष्ट असते, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. डॅट बहुधा सेकंदाला ४८,००० नमुने घेते, सीडी ४४,१००. पहिल्या वेगाने घेतलेली फाइल दुसऱ्या वेगाची आहे असं समजून संगणकाने वाजवली, तर आवाज सुमारे आठ टक्क्यांनी मंदावतो आणि दीड पट्टीने उतरतो. पांढरी पाचमध्ये गाणारी बाई काळी तीन आणि पांढरी चार यांच्यामधल्या कुठल्या तरी फटीत जाऊन बसते. शास्त्रीय गायकाच्या बाबतीत तानपुरा सांगून टाकतो की काहीतरी बिघडलंय. जात्याला सूर नाही. ती बाई थकलेली असेल, वयस्कर असेल असंच ऐकणाऱ्याला वाटतं. तारेच्या दोन टोकांनी एकच घड्याळ मानलं नाही तर नुसत्या जोडणीला अर्थ राहत नाही.

घड्याळाचा हाच प्रश्न स्टुडिओतल्या प्रणालींनाही सोडवावा लागला. १९९८मध्ये स्टॉकहोमच्या प्रॉपेलरहेड कंपनीने स्टाइनबर्गच्या सोबतीने 'रीवायर' काढलं. एका प्रणालीतले ट्रॅक दुसऱ्या प्रणालीच्या मिक्सरमध्ये थेट उघडायचे, दोन्हींची सुरुवात, थांबा आणि गती एका ठोक्यावर बांधलेली, नमुन्याचाही फरक नाही. लिनक्सवाल्यांसाठी पॉल डेव्हिसने 'जॅक' लिहिलं; त्यात कुठल्याही प्रणालीचं कुठलंही तोंड कुठल्याही कानाला जोडता येतं आणि पडद्यावर तारांचं जाळं दिसतं. मॅकवर 'साउंडफ्लॉवर' आलं, नंतर 'ब्लॅकहोल'. रीवायर दोन दशकं चाललं आणि २०२०च्या अखेरीस कंपनीने ते मागे घेतलं. त्याच्यावर अर्ध्या राहिलेल्या कामांच्या फाइली आज उघडल्या तर ट्रॅकची नावं दिसतात आणि आवाजाच्या जागी शांतता येते. डॅटची यंत्रं सोनीने २००५मध्ये बनवायची थांबवली होती. आता फीत चांगली असली तरी ती वाजवणारं चालू यंत्र शोधत फिरावं लागतं.

ओव्यांच्या संग्रहात मात्र खरी जोडणी या कुठल्याच तंत्रात बसणारी नव्हती. एकीकडे वहीतली ओवी. तिला क्रमांक, विषय, गाव, गाणारीचं नाव. दुसरीकडे फितीवरचा सलग आवाज : तीन-चार बायका, मधे हसू, मधे खोकला, एखादं पोर रडतंय, कुणी तरी ओळ चुकते आणि दुसरी सावरून घेते. या आवाजातल्या कुठल्या सेकंदाला कुठली ओवी सुरू होते आणि ती कुणाच्या तोंडची? वहीत एक शब्द आणि गाण्यात दुसरा असला तर नोंद कुठली? हे काम मराठी येणाऱ्या, त्यातही ती बोली कानावरून गेलेल्या माणसालाच जमतं, आणि तेही ऐकत, थांबवत, मागे नेत. त्यातून १९९०च्या दशकात संगणकावर मराठी लिहायची म्हणजे प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळा. युनिकोड रुळायला नवं शतक उजाडावं लागलं. एका यंत्रावर उतरलेली ओवी दुसऱ्या यंत्रावर उघडली की चिन्हांचा बाजार दिसायचा. आवाजाला तार सापडत नव्हती तशी अक्षरालाही सापडत नव्हती.

आर्थिक साहाय्य थांबलं. पॉइटवाँ २००४मध्ये वारले, हेमाताई २०१०मध्ये. ध्वनिमुद्रणाच्या प्रती गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या संगीतशास्त्र अभिलेखागारात होत्या. बेल यांनी फ्रान्समध्येही त्या जपून ठेवल्या. संग्रह सुरक्षित होता. ज्या बायकांनी तो गायला त्यांच्यापासून आणि आपल्यापासूनही सुरक्षित अंतरावर होता. तो पुन्हा लोकांत आला 'परी'मुळे, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियामुळे. २०१७ साली त्यांनी ओव्या प्रसिद्ध करायला घेतल्या : आवाज, मराठी शब्द, इंग्रजी भाषांतर, गाणारीचं नाव, गाव, तालुका, सगळं एका ठिकाणी. नमिता वाईकरांनी हे काम पुढे नेलं. जितेंद्र मैड हे डोंगरातल्या जुन्या कामातलेच कार्यकर्ते; कोण कुठल्या वाडीवर गायली, हे त्यांच्या आठवणीत होतं. आशा ओगले यांनी भाषांतरं केली, रजनी खळदकरांनी मराठी नोंदी उतरवल्या. ही मंडळी गाणाऱ्यांच्या घरी परत गेली. काही भेटल्या, काहींच्या सुना आणि लेकी भेटल्या.

हल्ली अशा जुन्या गळ्यांवर बीट चढवायची हौस आलेली आहे. मला त्यात पाप वाटत नाही. पण करणाऱ्याने एक गोष्ट ऐकून पाहावी. स्टुडिओतली प्रणाली गाण्याला ठरलेल्या लयीच्या चौकटी पाडून देते आणि गळा त्या चौकटींवर ओढून बसवते. ओवीची लय हाताची असते. जात्यात घास पडला की हात जड होतो, फेरा लांबतो आणि शब्दही लांबतो. दाणे सरले की फेरा पळतो. दोन ओव्यांमधल्या विरामात बाई दाणे घालत असते. संगणकाला ती चूक दिसते आणि तो ती दुरुस्त करतो. दुरुस्त झालेली ओवी गोड लागते आणि तिच्यात दळण उरत नाही. फाइल पुढे पाठवताना तिला चिकटलेलं नाव आणि गावही बहुधा गळून जातं. मग उरतं 'पारंपरिक'. गाणारीचं नाव वहीत लिहून घेणाऱ्या त्या कार्यकर्त्यांनी मेहनत केली होती, ती या एका शब्दाने फुकट जाते.

काम अजून संपलेलं नाही. मजकूर लाखाच्या घरात आणि आवाज त्यातल्या काही भागाचाच, त्यामुळे कितीतरी ओव्यांना शब्द आहेत आणि गळा नाही. आणखी एक बारीकसा घोळ अलीकडेच वाढला आहे. या संग्रहातल्या नोंदींवर तालुका म्हणून 'वेल्हे' आहे. सरकारदरबारी त्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे. आपल्या आजीच्या गावची ओवी शोधायला बसलेल्या मुलीने संगणकात 'राजगड' एवढंच टाकलं, तर तिला किल्ला मिळेल. आजीचं गाव हवं असेल तर 'वेल्हे' टाकावं लागेल, निदान ज्याच्या हातात ती यादी आहे त्याने दोन्ही नावं एकमेकांना जोडून देईपर्यंत.